सोलर चार्ज कंट्रोलरची सुरक्षा-कव्हरे आणि विद्युत संरक्षण : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलर चार्ज कंट्रोलर म्हणजे सौर पॅनेल आणि बॅटरी यांच्यामध्ये बसून बॅटरीचे चार्जिंग आवरणारे उपकरण. ही उत्तरे १२, २४ किंवा ४८ व्होल्टच्या बॅटरीवर चालणाऱ्या आणि ग्रिडशी न जोडलेल्या सौरसंचांसाठी आहेत. एका प्रश्नाचा धागा दुसऱ्यात गुंतला असेल तेथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. कंट्रोलरसोबत आलेल्या माहितीपुस्तिकेत काही वेगळे सांगितले असेल, तर पुस्तिकेचे म्हणणे प्रमाण मानावे.

१. बॅटरी १२ व्होल्टचीच आहे, तिचा शॉक लागत नाही. मग टर्मिनलवर कव्हर कशाला हवे?

कोरड्या हाताला १२ किंवा २४ व्होल्टचा झटका जाणवत नाही हे खरे आहे, पण बॅटरीच्या बाजूला धोका व्होल्टेजचा नसून करंटचा असतो. १०० अँपिअर-तासाची चांगल्या अवस्थेतली लेड-ॲसिड बॅटरी थेट शॉर्ट झाली, तर क्षणभर हजार अँपिअरहून अधिक करंट देऊ शकते. पाना किंवा स्क्रूड्रायव्हर दोन टर्मिनलांवर आडवा पडला की तो तिथेच चिकटतो, लाल होतो आणि वितळलेल्या धातूचे थेंब उडतात. हातातली अंगठी किंवा धातूचा घड्याळपट्टा अशा वेळी मध्ये आला, तर हाडापर्यंत भाजते. म्हणून काम सुरू करण्यापूर्वी हे दागिने काढून ठेवावेत.

पॅनेलच्या बाजूची गोष्ट निराळी आहे. एमपीपीटी (पॅनेलमधून जास्तीत जास्त शक्ती खेचणाऱ्या प्रकारच्या) कंट्रोलरला जोडलेल्या पॅनेलमाळेचे, म्हणजे एकापुढे एक जोडलेल्या पॅनेलांचे, व्होल्टेज १०० ते १५० व्होल्ट डीसी असणे सामान्य आहे आणि काही कंट्रोलर २५० व्होल्टपर्यंतही चालतात. कोरड्या जागी ६० व्होल्ट डीसीपर्यंतचा स्पर्श साधारणपणे सुरक्षित धरला जातो, त्यापुढे नाही. एकाच झाकणाखाली हे दोन्ही प्रकारचे धोके शेजारीशेजारी नांदत असल्यामुळे बॅटरी कितीही व्होल्टची असली तरी कव्हर हवेच.

२. टर्मिनल कव्हर, वायर-बॉक्स आणि एन्क्लोजर यांत फरक काय?

टर्मिनल कव्हर म्हणजे फक्त स्क्रूच्या जागा झाकणारी पट्टी. वायर-बॉक्स कंट्रोलरच्या खालच्या बाजूला बसतो आणि वायर आत शिरण्याची जागा व टर्मिनल असे दोन्ही झाकतो. त्यात बहुधा वायर आवळून धरण्याची सोयही असते, त्यामुळे बाहेरून ओढ बसली तरी ती स्क्रूपर्यंत पोहोचत नाही. एन्क्लोजर ही कंट्रोलर, फ्यूज आणि ब्रेकर यांना सामावून घेणारी स्वतंत्र पेटी असते. जिथे लहान मुले किंवा जनावरे पोहोचू शकतात तिथे नुसते टर्मिनल कव्हर पुरेसे नाही. किमान वायर-बॉक्स किंवा कुलूप लावता येणारी पेटी असावी.

३. आयपी २०, आयपी ६५ हे आकडे कसे वाचायचे?

आयईसी ६०५२९ या मानकानुसार पहिला अंक घन वस्तू आणि धूळ यांपासूनचे संरक्षण सांगतो, दुसरा पाण्यापासूनचे. आयपी २० म्हणजे सुमारे १२ मिलिमीटर जाडीचे चाचणीबोट आतल्या विद्युतभारित भागाला स्पर्श करू शकत नाही, पण पाण्यापासून काहीही संरक्षण नाही. आयपी ६५ म्हणजे धूळ अजिबात आत जात नाही आणि पाण्याचा फवाराही सोसतो. घरात बसवायचे बहुतेक कंट्रोलर आयपी २० ते आयपी ३२ या पट्ट्यात असतात.

काही कंट्रोलरवर दोन आकडे छापलेले दिसतात, उदाहरणार्थ इलेक्ट्रॉनिक्सच्या भागासाठी आयपी ४३ आणि वायर जोडण्याच्या भागासाठी आयपी २२. जाहिरातीत बहुधा मोठा आकडाच झळकतो. जागा ठरवताना मात्र लहान आकडा धरावा, कारण पाणी नेहमी कमकुवत बाजूनेच शिरते. शिवाय हा दर्जा कव्हर बसवलेल्या आणि सर्व ग्लँड (वायर घट्ट धरून तिचे भोक बंद करणारे जोड) आवळलेल्या स्थितीत तपासलेला असतो. एक भोक उघडे राहिले तरी छापील आकड्याला अर्थ उरत नाही.

४. कंट्रोलर पूर्ण बंद पेटीत बसवला तर चालेल का?

तो पेटीत बसवण्यासाठी बनवलेला असेल आणि उष्णतेचा हिशेब केलेला असेल तरच. समजा ६० अँपिअरचा एमपीपीटी कंट्रोलर २८ व्होल्टवर पूर्ण क्षमतेने बॅटरी भरत आहे, म्हणजे १६८० वॉट देत आहे. त्याची कार्यक्षमता ९७ टक्के धरली तरी ५० वॉटच्या आसपास उष्णता त्याच्या अंगातून बाहेर पडते आणि ती भर दुपारी, तासन्‌तास चालू राहते. हवाबंद पेटीत तिला वाट मिळत नाही. बहुतेक कंट्रोलर सभोवतालचे तापमान ४० ते ४५ अंश सेल्सियसच्या पुढे गेले की स्वतःहून करंट कमी करतात. तेव्हा दुपारी चार्जिंग मंदावते आणि वापरणाऱ्याला वाटते की पॅनेल खराब झाले.

कंट्रोलर उभा बसवावा, म्हणजे त्याच्या मागच्या पंखांमधून हवा खालून वर वाहते. वर आणि खाली किमान १० ते १५ सेंटिमीटर जागा मोकळी ठेवावी. पेटी वापरायचीच असेल तर तिला तळाशी आणि माथ्याजवळ जाळी लावलेली झडप असावी आणि पेटी थेट उन्हात नसावी. पंखांवर कापड टाकणे किंवा धूळ बसू नये म्हणून संपूर्ण कंट्रोलर प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळणे हा उपाय नव्हे.

५. मूळ कव्हर हरवले किंवा तुटले आहे. घरी बनवून लावता येईल का?

आधी उत्पादकाकडून सुटे कव्हर मिळते का ते पाहावे, कारण त्याच्या वायरच्या खाचा आणि स्क्रूच्या जागा नेमक्या जुळतात. तोपर्यंत तात्पुरते कव्हर करायचे असेल तर साहित्याकडे लक्ष द्यावे. थ्री-डी प्रिंटरवर सर्वाधिक वापरले जाणारे पीएलए प्लॅस्टिक ५५ ते ६० अंश सेल्सियसलाच मऊ पडते, आणि पूर्ण करंटवर चालणारे टर्मिनल तेवढे सहज तापते. असे कव्हर दोन-चार महिन्यांत वाकून टर्मिनलवर टेकते. ॲक्रिलिक दिसायला छान, पण पेट घेतले तर जळतच राहते. ज्वालारोधक दर्जाचे, म्हणजे ज्यावर व्ही-० असा शेरा असतो असे पॉलिकार्बोनेट ही त्यातल्या त्यात योग्य निवड आहे. पुठ्ठा, प्लायवूड आणि मोकळा पत्रा हे तिन्ही टाळावे. पत्रा सरकून टर्मिनलला लागला, तर ज्यापासून वाचायचे होते तेच घडते.

कव्हर हत्याराशिवाय निघू नये. चिकटपट्टीने लावलेले झाकण उन्हाळ्यात गळून पडते.

६. कंट्रोलर लाकडी फळीवर बसवला आहे. बदलायला हवा का?

हो. मागचा पृष्ठभाग न जळणारा असावा. सिमेंट बोर्ड किंवा उघडी भिंत उत्तम. फळी काढणे शक्यच नसेल तर कंट्रोलर आणि फळी यांच्यामध्ये कंट्रोलरपेक्षा सर्व बाजूंनी मोठा सिमेंट बोर्डाचा तुकडा बसवावा.

७. बॅटरी आधी जोडायची की पॅनेल?

बॅटरी आधी, पॅनेल नंतर. काढताना पॅनेल आधी, बॅटरी शेवटी. कंट्रोलर बॅटरीचे व्होल्टेज पाहून संच १२ चा आहे की २४ चा हे ओळखतो आणि तिच्या आधाराने स्वतःचे व्होल्टेज आवरून धरतो. बॅटरी नसताना पॅनेल जोडले, तर काही कंट्रोलर नुसते चालू होत नाहीत, काही मात्र कायमचे बिघडतात. बॅटरीची वायर टेकवताना छोटी ठिणगी दिसते, ती आतले कपॅसिटर (विद्युतभार साठवणारे घटक) भरल्यामुळे असते आणि एकदाच उडते. पुन्हापुन्हा ठिणगी उडत असेल किंवा वायर गरम लागत असेल, तर जोडणी उलटी झाली आहे असे समजून लगेच थांबावे (प्रश्न १५ पाहावा).

८. कव्हर उघडण्यापूर्वी नेमके काय काय बंद करावे?

लोड (संचावर चालणारी उपकरणे) बंद करावा, मग पॅनेलचा आयसोलेटर (पॅनेलची जोडणी तोडणारा स्विच), मग बॅटरीचा ब्रेकर. त्यानंतर किमान पाच मिनिटे किंवा पुस्तिकेत दिलेला अवधी थांबावे, कारण आतले कपॅसिटर तोवर भारित असतात. नंतर मल्टिमीटर डीसीवर ठेवून पॅनेलची दोन टर्मिनले, बॅटरीची दोन टर्मिनले आणि प्रत्येक टर्मिनल ते अर्थ (जमिनीची जोडणी) असे मोजावे. आकडा शून्याजवळ आला की मगच हात घालावा.

इथे एक गोष्ट लोक हमखास विसरतात. आयसोलेटर बंद केल्यावर कंट्रोलरची बाजू मृत होते, पण आयसोलेटरच्या पॅनेलकडच्या स्क्रूवर उजेड असेपर्यंत पूर्ण व्होल्टेज कायम राहते. त्यालाच हात घालायचा असेल तर पॅनेल जाड, अपारदर्शक कापडाने झाकावे किंवा काम अंधार पडल्यावर करावे. भर उन्हात करंट वाहत असताना एमसी-४ कनेक्टर (पॅनेलच्या वायरींचा प्रचलित जोड) उपटणे हा तर थेट आर्क (हवेतून सतत वाहणारी ठिणगी) पेटवण्याचा प्रकार आहे.

९. कंट्रोलरमध्येच “इलेक्ट्रॉनिक प्रोटेक्शन” आहे असे लिहिले आहे. तरी बाहेरून फ्यूज लावायचा का?

लावायचा. कंट्रोलरचे आतले संरक्षण कंट्रोलरच्या आत घडणाऱ्या गोष्टींपुरते असते. बॅटरीपासून कंट्रोलरपर्यंत जाणारी वायर मध्येच कुठे घासून उघडी पडली आणि शॉर्ट झाली, तर करंट बॅटरीतून निघून त्या वायरमधूनच वाहतो. कंट्रोलरला त्याचा पत्ताही लागत नाही. कव्हर हाताला वाचवते, फ्यूज वायरला वाचवतो आणि खुद्द कंट्रोलरला वाचवतो तो आधी केलेला व्होल्टेजचा हिशेब (प्रश्न १३). एकाचे काम दुसऱ्यावर सोपवले की घोटाळा होतो.

१०. बॅटरीच्या बाजूचा फ्यूज किती अँपिअरचा आणि कुठे बसवावा?

कंट्रोलरच्या करंटच्या सव्वापट. म्हणजे ४० अँपिअरच्या कंट्रोलरला ५० अँपिअरचा फ्यूज; आणि वायर अशी असावी की ती फ्यूजच्या आकड्याहून अधिक करंट सतत पेलू शकेल. फ्यूजपेक्षा बारीक वायर असेल तर वायरच फ्यूज होते. जागा बॅटरीच्या धन टर्मिनलपासून शक्य तितकी जवळ, वीतभर अंतरात असावी, कारण टर्मिनल आणि फ्यूज यांच्यामधल्या तुकड्याला कोणाचेच संरक्षण नसते.

दुसरा आकडा बहुतेकांच्या नजरेतून सुटतो, तो म्हणजे फ्यूजची तोडक्षमता. शॉर्टच्या वेळी वाहणारा करंट या क्षमतेहून अधिक असेल तर फ्यूज वितळतो, पण आतला आर्क विझत नाही आणि करंट वाहतच राहतो. मेगा प्रकारच्या फ्यूजची तोडक्षमता ३२ व्होल्टला साधारण २,००० अँपिअर, एएनएल प्रकाराची साधारण ६,००० अँपिअर आणि क्लास टी प्रकाराची २०,००० अँपिअर असते. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीचा अंतर्गत रोध फार कमी असल्याने अनेक बॅटऱ्या समांतर जोडलेल्या संचासाठी क्लास टी वापरण्याची शिफारस केली जाते. फ्यूजवरचा व्होल्टेजचा आकडाही पाहावा: ३२ व्होल्टचा फ्यूज ४८ व्होल्टच्या संचात लावू नये, कारण चार्जिंगच्या वेळी त्या बॅटरीचे व्होल्टेज ५६-५८ पर्यंत जाते.

११. पॅनेलच्या बाजूला फ्यूज लागतोच का?

एक किंवा दोन माळा समांतर असतील तर सहसा लागत नाही. वायर चालू-बंद करण्यासाठी आयसोलेटर मात्र हवा. पॅनेल हा मर्यादित करंटचा स्रोत आहे. शॉर्ट केले तरी ते त्याच्या लेबलवरच्या शॉर्ट-सर्किट करंटच्या फारसे पुढे जात नाही. तीन किंवा अधिक माळा समांतर झाल्या की चित्र बदलते. एका माळेत बिघाड झाला, तर उरलेल्या सगळ्यांचा करंट उलट दिशेने त्या एकीत घुसतो आणि पॅनेलच्या मागे लिहिलेली कमाल फ्यूज मर्यादा ओलांडू शकतो.

अशा वेळी प्रत्येक माळेला स्वतंत्र जीपीव्ही प्रकारचा (सौर पॅनेलांसाठी बनवलेला) फ्यूज लावावा. त्याचा आकडा शॉर्ट-सर्किट करंटच्या दीडपटीहून कमी नसावा आणि लेबलवरच्या कमाल मर्यादेहून अधिक नसावा. उदाहरणार्थ, शॉर्ट-सर्किट करंट ११ अँपिअर असेल तर दीडपट होते १६.५, पुढचा प्रचलित आकडा २० अँपिअर, आणि लेबलवर “कमाल २० अँपिअर” किंवा त्याहून अधिक लिहिले असेल तर तोच लावावा.

१२. घरच्या बोर्डातला साधा एमसीबी डीसीसाठी वापरला तर काय होते?

बंद करताना आतला आर्क विझत नाही. ५० हर्ट्‌झच्या एसीमध्ये करंट सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो, आणि प्रत्येक वेळी आर्कला विझण्याची संधी मिळते. डीसीमध्ये अशी संधी कधीच येत नाही. संपर्क दूर गेले तरी त्यांच्यामध्ये ज्योत ताणून राहते आणि एमसीबीचे प्लॅस्टिक आतून जळते. म्हणून संचाच्या कमाल व्होल्टेजहून अधिक डीसी व्होल्टेजचा, डीसी म्हणून छापलेलाच ब्रेकर घ्यावा.

त्यातही एक खाचखळगा आहे. काही डीसी एमसीबीवर धन-ऋण खुणा असतात. त्यांत आर्कला विझवण्याच्या कप्प्यात ढकलणारा चुंबक असतो आणि करंट उलट दिशेने वाहिला तर तोच चुंबक आर्कला कप्प्याच्या उलट बाजूला ढकलतो. अशा एमसीबीवर दिशा चुकवून वायर जोडली तर रोजच्या वापरात काहीच कळत नाही. भारित अवस्थेत बंद करायची वेळ आली की तो पेटतो. बॅटरी आणि कंट्रोलर यांच्यामध्ये तर सामान्य करंट बॅटरीकडे आणि शॉर्टचा करंट कंट्रोलरकडे वाहतो, म्हणजे दिशा दोन्ही. या जागी दिशेचे बंधन नसलेला ब्रेकरच घ्यावा.

१३. सगळे फ्यूज शाबूत आहेत, तरी कंट्रोलर जळाला. असे का?

याचे सर्वात नेहमीचे कारण अधिक व्होल्टेज हे आहे, आणि व्होल्टेजपुढे फ्यूज हतबल असतो. पॅनेल थंड असते तेव्हा त्याचे व्होल्टेज वाढते. स्फटिकी सिलिकॉनच्या पॅनेलमध्ये ही वाढ दर अंशाला साधारण ०.३ टक्के असते. लेबलवरचा आकडा २५ अंश सेल्सियसचा असतो. समजा प्रत्येकी ४९.५ व्होल्टची तीन पॅनेले एका माळेत आहेत आणि त्यांचा तापमान गुणांक ०.२८ टक्के आहे. २५ अंशांना बेरीज १४८.५ व्होल्ट येते आणि १५० व्होल्टचा कंट्रोलर कागदावर सुरक्षित दिसतो. पहाटे तापमान ५ अंशांवर आले की २० अंशांच्या फरकाने व्होल्टेज ५.६ टक्क्यांनी वाढून १५६.८ होते, आणि सूर्याच्या पहिल्या किरणांबरोबर, पॅनेल तापण्यापूर्वी, नेमके तेवढेच व्होल्टेज कंट्रोलरवर येते. कंट्रोलर जळाला तो सकाळी, असे सांगणाऱ्या बहुतेक तक्रारींचे मूळ इथे असते.

म्हणून त्या जागेचे आजवरचे किमान तापमान धरून हिशेब करावा आणि वर थोडी मोकळीक ठेवावी. करंटच्या बाबतीत मात्र एवढे कडक राहावे लागत नाही: पॅनेलची क्षमता थोडी जास्त असेल तर एमपीपीटी कंट्रोलर जादा करंट घेत नाही, आपल्या मर्यादेवर थांबतो. पुस्तिकेत पॅनेलच्या शॉर्ट-सर्किट करंटची स्वतंत्र मर्यादा दिली असेल, तर ती मात्र पाळावी.

१४. विजेपासून वाचवण्यासाठी एसपीडी (व्होल्टेजची लाट अर्थकडे वळवणारे उपकरण) लावला की झाले का?

थेट पडलेल्या विजेपासून छोट्या संचातला एसपीडी वाचवू शकत नाही. तो वाचवतो तो आसपास पडलेल्या विजेमुळे वायरमध्ये उमटणाऱ्या व्होल्टेजच्या लाटेपासून, आणि असे प्रसंग थेट वीज पडण्यापेक्षा कितीतरी अधिक वेळा येतात. पॅनेलच्या बाजूला डीसीसाठी बनवलेला टाइप २ एसपीडी लावावा. त्याचे कमाल चालू व्होल्टेज प्रश्न १३ मध्ये काढलेल्या थंडीतल्या व्होल्टेजहून अधिक असावे. पॅनेल आणि कंट्रोलर यांतले अंतर १० मीटरहून अधिक असेल तर दोन्ही टोकांना एकेक लावणे योग्य.

बसवण्याची पद्धत उपकरणाइतकीच महत्त्वाची आहे. एसपीडीला जाणाऱ्या आणि त्याच्यापासून अर्थकडे जाणाऱ्या वायरची एकूण लांबी अर्ध्या मीटरच्या आत ठेवावी. लाट इतकी झपाट्याने चढते की एक मीटर सरळ वायरवरसुद्धा सुमारे हजार व्होल्टची भर पडू शकते. पॅनेलच्या धन आणि ऋण वायरी शेजारी-शेजारी न्याव्यात. त्या दोन वेगळ्या वाटांनी नेल्या तर त्यांच्यामधले मोठे वेटोळे लाट झेलणाऱ्या अँटेनाचे काम करते. एसपीडीच्या खिडकीतला हिरवा रंग लाल झाला की तो संपला असे समजून बदलावा. संच चालू राहतो, पण संरक्षण गेलेले असते.

१५. कंट्रोलरला उलट जोडणीचे संरक्षण आहे. मग धन-ऋण चुकले तरी चालते ना?

“संरक्षण” हा शब्द इथे फसवा आहे. बहुतेक कंट्रोलरमध्ये पॅनेल उलटे जोडले तर काही होत नाही, पण तेही पॅनेलची क्षमता मर्यादेत असेल तरच. बॅटरी उलटी जोडली तर आतला फ्यूज जातो, आणि तो अनेक कंट्रोलरमध्ये सोल्डर केलेला, वापरणाऱ्याला बदलता न येणारा असतो. बाहेरून काळ्या झालेल्या खुणा दिसत नाहीत, तरी कंट्रोलर मृत असतो. दोन्ही उलटे जोडणे याला सहसा कसलेच संरक्षण नसते. वायर टर्मिनलमध्ये घालण्यापूर्वी मल्टिमीटरने ध्रुव तपासणे हाच खात्रीचा मार्ग आहे. वायरच्या रंगावर विसंबू नये. लांबवरच्या जोडात कोणीतरी लाल वायर काळीला जोडलेली असते.

१६. टर्मिनलजवळची वायर तपकिरी पडली आहे आणि जळका वास येतो. मोठा फ्यूज लावू का?

अजिबात नाही. हे जादा करंटचे नव्हे, सैल जोडणीचे लक्षण आहे. ४० अँपिअर वाहत असताना जोडणीचा रोध अवघा ०.०२ ओहम असला तरी त्या एका जागी ३२ वॉट उष्णता निर्माण होते, म्हणजे छोट्या सोल्डरिंग आयर्नएवढी. फ्यूजला यातले काहीच कळत नाही, कारण करंट नेहमीचाच असतो. जवळून पाहिले तर वायरचे आवरण स्क्रूपासून बोटभर अंतरापर्यंत कडक झालेले, कव्हरच्या आतल्या बाजूला पिवळसर डाग पडलेला आणि तांब्याचे धागे चकाकी जाऊन काळपट झालेले दिसतात.

तेवढा तुकडा कापून, स्वच्छ तांबे लागेपर्यंत मागे यावे. अनेक धाग्यांच्या वायरच्या टोकाला फेरूल (धातूची छोटी नळी) क्रिम्प करावा, म्हणजे दाबून बसवावा. टोकावर सोल्डर ओतून ते स्क्रूखाली दाबण्याची सवय जुनी आहे, पण सोल्डर दाबाखाली हळूहळू सरकतो आणि जोडणी पुन्हा सैल होते. स्क्रू पुस्तिकेत न्यूटन-मीटरमध्ये दिलेल्या टॉर्कनेच (पिळाच्या जोरानेच) आवळावा, काही दिवसांनी पुन्हा एकदा तपासावा आणि पुढे वर्षातून एकदा. टर्मिनलची चौकट स्वतःच जळाली असेल तर कंट्रोलर दुरुस्तीला द्यावा.

१७. कव्हर असूनही आत मुंग्या, पाली आणि पाणी शिरते. सिलिकॉनने सगळी भोके बुजवू का?

न वापरलेली भोके बुजवावीत, हवेची वाट बुजवू नये (प्रश्न ४). वायर ज्या भोकातून येते तिथे तिच्या जाडीचा ग्लँड लावावा आणि ती पेटीत शिरण्यापूर्वी खाली झोळ देऊन मग वर न्यावी, म्हणजे वायरवरून ओघळणारे पाणी झोळाच्या तळाशी गळून पडते. सर्व वायरी पेटीच्या तळातूनच याव्यात. हवेच्या झडपेला बारीक जाळी असावी.

सिलिकॉन वापरताना व्हिनेगरसारखा आंबट वास येणारा प्रकार टाळावा. तो वाळताना ॲसेटिक आम्ल सोडतो आणि तांब्याला गंज चढवतो. वास न येणारा, तटस्थ प्रकार घ्यावा. पूर्ण सीलबंद पेटीत रात्री हवा थंड होऊन आतल्या आत दव जमते, म्हणून तळाशी निचऱ्याचे छोटे भोक किंवा वाफ जाऊ देणारा व्हेंट असावा.

१८. बॅटरी आणि कंट्रोलर एकाच पेटीत ठेवले तर जागा वाचेल का?

लेड-ॲसिड बॅटरी असेल तर नाही. ती चार्ज होताना हायड्रोजन सोडते, आणि हवेत ४ टक्के हायड्रोजन झाला की तो ठिणगीने पेटू शकतो. हायड्रोजन वर चढतो, त्यामुळे कंट्रोलर बॅटरीच्या नेमका वर बसवणे सर्वात वाईट. आम्लाच्या वाफेने टर्मिनल आणि सर्किट बोर्ड गंजतात ते वेगळेच. सीलबंद बॅटरीसुद्धा जास्त चार्ज झाली तर वायू सोडते.

१९. लिथियम बॅटरीचा बीएमएस (बॅटरीवर नजर ठेवणारे सर्किट) अचानक बॅटरी तोडतो तेव्हा कंट्रोलरला धोका असतो का?

असतो, आणि तो कंट्रोलरपेक्षा त्याच्या सोबत जोडलेल्या उपकरणांना जास्त असतो. भर उन्हात बीएमएसने बॅटरी तोडली की प्रश्न ७ मध्ये सांगितलेला उलटा क्रम आपोआप घडतो: पॅनेल चालू आणि बॅटरी गायब. कंट्रोलर सावरेपर्यंत क्षणभर त्याचे व्होल्टेज उसळते आणि त्याच तारेवरचे दिवे, राऊटर किंवा इन्व्हर्टर ते सोसतात. बीएमएस तोडण्याआधी कंट्रोलरला थांबण्याचा इशारा देईल अशी जोडणी करणे उत्तम. कंट्रोलरचे चार्जिंग व्होल्टेज बॅटरीच्या कमाल मर्यादेपेक्षा थोडे खाली ठेवले, तरी तोडण्याची वेळच क्वचित येते. या जागी फ्यूज बदलून काहीही साधत नाही.

२०. कंट्रोलरच्या लोड टर्मिनलला इन्व्हर्टर जोडता येईल का?

नाही. २० अँपिअरचे लोड टर्मिनल १२ व्होल्टवर २४० वॉट देते, आणि इन्व्हर्टर चालू होतानाचा करंट त्याच्या कितीतरी पट असतो. इन्व्हर्टर स्वतंत्र फ्यूजसह थेट बॅटरीला जोडावा.

२१. पॅनेलच्या चौकटीसोबत बॅटरीचे ऋण टोकही अर्थ केले, आणि कंट्रोलर विचित्र वागू लागला. कारण काय?

पॅनेलची धातूची चौकट, स्टँड आणि धातूची पेटी अर्थ करणे नेहमीच योग्य. ऋण टोकाचा प्रश्न वेगळा आहे. अनेक लहान पीडब्ल्यूएम (पॅनेल झपाट्याने चालू-बंद करून चार्जिंग आवरणाऱ्या साध्या प्रकारच्या) कंट्रोलरमध्ये पॅनेल, बॅटरी आणि लोड यांची धन टोके आतून एकत्र असतात आणि चालू-बंद करण्याचे काम ऋण बाजूला होते. अशा कंट्रोलरच्या पॅनेलचे ऋण आणि बॅटरीचे ऋण अर्थद्वारे एकमेकांना जोडले, तर कंट्रोलर बाजूला पडून पॅनेल थेट बॅटरीला जोडले जाते आणि बॅटरी बेलगाम चार्ज होत राहते. लोडचे ऋण जोडले तर बॅटरी उतरल्यावर लोड तोडण्याची सोय निकामी होते. वाहनात किंवा बोटीत, जिथे सांगाडाच बॅटरीच्या ऋणाला जोडलेला असतो, तिथे हे नकळत घडते.

तपासणी सोपी आहे. कंट्रोलर सर्व बाजूंनी सुटा करून मल्टिमीटरने तिन्ही धन टर्मिनलांमध्ये आणि तिन्ही ऋण टर्मिनलांमध्ये रोध मोजावा. जिथे जवळजवळ शून्य ओहम दिसते ती बाजू सामाईक. धन सामाईक असेल तर ऋण टोके कुठेही एकत्र करू नयेत. ऋण अर्थ करणे भागच असेल तर ऋण सामाईक असलेला कंट्रोलर घ्यावा.

२२. डीसी बाजूला आरसीसीबी (गळतीचा करंट ओळखून वीज तोडणारा स्विच) लावून गळती पकडता येईल का?

घरगुती एसी प्रकारच्या किंवा ए प्रकारच्या आरसीसीबीने नाही. ते बदलत्या करंटवरच काम करतात. इन्व्हर्टरच्या एसी बाजूला, इन्व्हर्टरच्या पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे अर्थ-न्यूट्रल जोडणी असेल तर, आरसीसीबी जरूर लावावा. डीसी बाजूसाठी अर्थ-फॉल्ट ओळखणारी सोय काही कंट्रोलरमध्ये अंगभूत असते.

२३. व्होल्टेज सेन्सच्या बारीक वायरीला आणि कम्युनिकेशन पोर्टलाही संरक्षण लागते का?

सेन्स वायर फक्त बॅटरीचे व्होल्टेज मोजण्यासाठी असते; तिच्यातून करंट जवळजवळ वाहत नाही, म्हणून ती बारीक असते आणि म्हणूनच ती धोक्याची. तिचे एक टोक थेट बॅटरीच्या धन टर्मिनलवर असते. ती कुठे दबून शॉर्ट झाली तर मुख्य फ्यूजला काही न कळता ती संपूर्ण लांबीभर लाल होते. बॅटरीच्या टोकाशी तिला १ किंवा २ अँपिअरचा छोटा फ्यूज लावावा.

कम्युनिकेशन पोर्टचे प्रकरण अधिक गुंतागुंतीचे आहे. अनेक कंट्रोलरचा आरएस-४८५ पोर्ट (संगणकाशी माहितीची देवाणघेवाण करणारा) विलग केलेला नसतो. त्याचा ग्राउंड आतून पॉवर सर्किटच्या एका टोकाला जोडलेला असतो. दुसरीकडे डेस्कटॉप संगणकाचा यूएसबी ग्राउंड अर्थला जोडलेला असतो. संचाचे धन टोक अर्थ केलेले असेल, किंवा प्रश्न २१ मधला धन सामाईक प्रकार असेल, तर केबल लावताच अर्थमधून एक अनपेक्षित वाट तयार होते आणि पोर्ट, केबल किंवा संगणक यांपैकी जे नाजूक असेल ते जळते. विलगीकरण असलेला यूएसबी ते आरएस-४८५ ॲडॉप्टर वापरावा. तो हाताशी नसेल आणि एखादी सेटिंग बदलणे निकडीचे असेल, तर चार्जर काढून, स्वतःच्या बॅटरीवर चाललेल्या आणि दुसऱ्या कुठल्याही केबलने न जोडलेल्या लॅपटॉपवरून ते काम करावे.